व्हिएन्नातल्या फ्लॅटला मोरी नव्हती

मुंबईच्या विमानतळापासून व्हिएन्नापर्यंत बायको माझ्याशी बोलली नाही. हवाईसुंदरीनं चहा की कॉफी विचारलं, म्हणून मी तेच बायकोला विचारलं. तिनं उत्तर थेट हवाईसुंदरीला दिलं. तेही अहिराणीत. आणि गंमत म्हणजे तिला हवा तो चहा मिळाला, मला न मागितलेली कॉफी.

भांडणाचं मूळ स्वयंपाकघरात होतं. मुलं मार्गी लागली की परदेशात जायचं, हे आमचं लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरलेलं. मग कधी केळीची कापणी आडवी आली, कधी आईचं आजारपण, कधी पोरांच्या परीक्षा. शेवटी एकदाची वेळ आली, तेव्हा तिला टूरबरोबर जायचं होतं. तिची बहीण तशी जाऊन आली होती आणि बर्फाच्या डोंगरापाशी आपल्याला गरम पुरणपोळी कशी वाढली, हे आमच्या अख्ख्या शहाद्याला सांगत फिरत होती. मला मात्र झेंडा धरलेल्या पोरामागं मेंढरासारखं चालायचं नव्हतं. शिवाय मला जेवायला माझी भाकरी लागते. म्हणून मी मोठ्या अकलेनं स्वयंपाकघरवाला फ्लॅट भाड्यानं घेतला आणि बॅगेत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, मिरचीचा ठेचा आणि तवा भरला.

मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडली, तेव्हा तवा बघून ती म्हणाली, "मंग तठे बी भाकरी मीच थापू का? तं शहादामा काय वाईट व्हतं?"

"बाहेरनं खाईसन पोट बिघडस," मी म्हणालो.

"पोट तुमनं, आनि हात मन्हा?"

हे तिचं शेवटचं वाक्य. त्यानंतर थेट विमान.

फ्लॅट जुन्या इमारतीत, लिफ्ट नसलेला. तवा असलेली बॅग मी पायरीपायरीवर आपटत वर नेत होतो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं दार उघडलं. मी हसून नमस्कार केला. त्यानं बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. म्हटलं, चला, इथंही घरच्यासारखंच वातावरण आहे.

आत गेल्यावर बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबली. नाक वर करून तिनं वास घेतला. तिच्या माहेरी मांसमच्छी घरात शिरत नाही.

"आठे कोनी काय शिजाडेल व्हई, काय माहीत," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "मी हात लावाव नही."

मला तर बरंच वाटलं. भिंतीशी का होईना, बोलली! आता घर धुऊन दिलं की हिचा राग उतरेल, राग उतरला की भाकरी, असा सरळ हिशेब मी मांडला. आमच्याकडे भाड्याच्या खोलीत पहिलं पाऊल टाकलं की खोली धुवायचीच असते. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, सिंकखालची बादली भरली, त्यात साबण घातला आणि लाकडी फरशीवर उपडी केली. मग दुसरी. मग झाडूनं फसाफसा घासायला लागलो.

घासून झाल्यावर पाणी लोटायला मोरी शोधली. स्वयंपाकघरात नव्हती. न्हाणीघरात जाऊन पाहिलं, तिथंही जमिनीला भोक नाही. परत आलो, तर पाणी जवळजवळ गायब! लाकडाच्या फटींनी सगळं पिऊन टाकलं होतं. मी खरोखर भारावलो. म्हटलं, काय हा देश! फरशी धुवा, सुकवायचं काम फरशीचं.

तेवढ्यात खालून ठकठक सुरू झाली. छताला काठी मारावी तशी. बॅगेच्या आवाजाचा राग म्हाताऱ्याला आत्ता आला असेल, असं मला वाटलं. मीही टाचेनं ठाणठाण दोनदा हाणलं. आपण काय फुकट राहतोय का?

मग तो वर आला. त्याच्या टकलावर साबणाचा फेस होता.

तो त्याच्या भाषेत ओरडत होता. मी इंग्रजीत माफी मागत होतो. बायको पुढं झाली आणि दारातच त्याला म्हणाली, "वरडू नका भाऊ. तुमनं घर वल्लं व्हयनं ते मन्हा नवरानी करं. त्यासले बोला." आणि बाजूला होऊन तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. तो ताबडतोब गप्प झाला, आणि मग नीट वळून माझ्याच तोंडावर ओरडायला लागला. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी दोघांचं माझ्याबद्दल पूर्ण एकमत झालं होतं.

त्यानं फोन करून मालकिणीला बोलावलं. ती आली. फुगायला लागलेलं लाकूड तिनं बोटानं दाबून पाहिलं आणि इंग्रजीत एकच विचारलं, "का?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण मी तिला समजावलं, की आमच्याकडे घर पाण्यानं धुतात, नुसतं फडक्यानं पुसलेलं घर आम्ही स्वच्छ धरत नाही.

"सकाळी मी स्वतः पुसलं होतं," ती म्हणाली. मग तिनं दाराकडे हात केला आणि आजच्या आज निघा म्हणून सांगितलं.

"काय म्हनस ती?" बायकोनं मुंबईनंतर पहिल्यांदाच मला विचारलं.

"म्हनस, काही हरकत नही."

"इतली लाल व्हईसन?"

शेवटी सांगावंच लागलं. सांगताना मी डोळे मिटूनच घेतले. इतकी वर्षं वाट पाहिलेली सहल मी पहिल्याच दुपारी दोन बादल्यांत बुडवली होती. आता ही रडणार, नाहीतर परतीचं विमान धरणार.

"आते कोठे जानं?" तिनं विचारलं.

"हॉटेलमा. दुसरं काय."

"तठे सयपाकघर राहस का?"

"नही."

"चुला?"

"नही ना बाई. तयार मिळस तेच खानं पडी."

तिनं चपला घातल्या. मी अजून पँट खाली करत होतो, तोवर ती स्वतःची बॅग उचलून जिन्यात पोचलीसुद्धा. माझ्या बॅगेकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही.

तळमजल्यावर म्हातारा उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून. आम्ही खरंच जातोय का, हे बघायलाच उतरला असावा. इमारतीचं दार जाडजूड, आपोआप मिटणारं. बायको त्याच्यापुढं क्षणभर थांबली आणि माहेरच्या माणसाचा निरोप घ्यावा तशी म्हणाली, "येस मी, भाऊ."

त्यानं मान लववली आणि तिच्यासाठी दार धरून ठेवलं. ती ऐटीत बाहेर पडली. मागून मी तव्याची बॅग दोन्ही हातांनी ओढत दारापाशी पोचलो, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दार सोडून दिलं.