ठिपका थांबला की

शहराच्या पोटात बोगदा खोदायचं काम चालू होतं तेव्हा मी तिथे नोकरीला होतो. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये आणि माती ओढणाऱ्या प्रत्येक इंजिनावर एक चकती बसवायची, तिचा माग घेणारे डबे बोगद्याच्या भिंतीवर लावायचे, हे माझं काम. वर पडद्यावर माणूस हिरवा ठिपका दिसे, इंजिन लाल. माती ढासळली तर कोण कुठे अडकलंय ते कळावं, इंजिन माणसाजवळ आलं तर भोंगा वाजावा, यासाठी हे सगळं. सुरुवातीला खालची माणसं मला बोलावून चहा पाजत.

मग पाळीवरच्या साहेबाने तो पडदा स्वतःच्या केबिनमध्ये नेला. एखादा ठिपका जागचा हलला नाही की तो खाली उतरे आणि बसलेल्या माणसाला लाथेने उठवे. हे यंत्र त्यासाठी नाही, असं मी त्याला एकदा सांगून पाहिलं. यंत्र कशासाठी ते विकत घेणारा ठरवतो, असं उत्तर मिळालं.

इंजिन चालवणारा एक जण लोणी काळभोरचा होता. चाळिशीचा, अंगाने आडवा, फारसा न बोलणारा. एका दुपारी खालच्या उकाड्याने त्याला उलट्या सुरू झाल्या, म्हणून त्याने इंजिन थांबवलं. साहेबाने जाऊन काही न विचारता सगळ्यांसमोर त्याच्या दोन कानफटात लगावल्या. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढच्या वळणावर शिडीवर चढून मी डबा बसवत होतो.

इंजिनवाल्याने येऊन शिडीच ओढली. मी रुळांवर आपटलो. उठायच्या आत त्याचा बूट बरगडीत बसला आणि पाठोपाठ हातातला पाना जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

"तुझ्या डबड्यापायी मला ओकाय बी थांबता येईना," एवढंच तो म्हणाला आणि पाना पुन्हा उगारला. चौघांनी त्याला मागे ओढलं म्हणून मी वाचलो.

क्रेनच्या पाळण्यातून मला वर काढलं. रुग्णवाहिकेची वाट बघत बसलो होतो, ओंजळीत रक्त आणि एक दात. शेजारच्या पत्र्याच्या गोदामात साहेब आणि दोन पहारेकरी त्याला लोखंडी नळीने मारत होते. ऐकून मला बरं वाटलं. आधी तो शिव्या देत होता. मग नुसता कण्हायला लागला. मग फक्त नळीचेच आवाज यायला लागले, तेव्हा मी उठलो.

बोलता येत नव्हतंच. आत जाऊन मी सरळ त्याच्या अंगावर आडवा पडलो. एक फटका माझ्या खांद्यावर बसला, मग ते थांबले. मी ऑफिसचा माणूस होतो ना.

दोघांना एकाच रुग्णवाहिकेत घातलं. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"तुमी कशाला मधी आला?" त्याने विचारलं.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. तारांनी बांधलेला माझा जबडा त्यांनी नीट पाहिला आणि म्हणाले, "आम्ही जन्मभर दारूगोळा भरला आणि अख्खे घरी आलो. आपण डबे लावायला गेलात."

साहेब पोलिसांच्या आधी दवाखान्यात येऊन गेला. गोदामातलं काही सांगू नकोस, असं त्याचं म्हणणं. मी दातांच्या फटीतून हवालदाराला दोन्ही मारहाणी सांगितल्या. साहेबाला आणि पहारेकऱ्यांना धरलं, सोडलंही. इंजिनवाल्यावरही गुन्हा नोंदला गेला, त्याचं काम सुटलं. पडदा तेवढा केबिनमधून निघाला.

जबड्याच्या तारा निघायच्या आधीच एकदा मी लोणीला गेलो. त्याने बायकोला माझी ओळख करून दिली, "मी मारलं ते हेच." ती जेवूनच जा म्हणाली. त्यांना चावता येत न्हाय, असं त्याने खाली बघत सांगितलं. तिने ताकाची पातळ कढी केली आणि पेल्यात ओतून दिली. ती मी हळूहळू प्यायलो. तो समोर बसला होता, डाव्या डोळ्यावर पट्टी. तो डोळा पुढे वाचला नाही.