घरपोच जोगवा

मी बत्तीस वर्षं पोस्टमन होतो. वस्तू माणसाच्या दारात नेऊन दिली की माणूस सुखी होतो, अशी माझी पक्की समजूत. रिटायर झालो, खाकी उतरली, पिशवी खुंटीला लागली, पण ही समजूत काही उतरली नाही. तिनंच घात केला.

एका मंगळवारी सकाळी मी गल्लीतल्या पाच घरांतल्या पाच बायका गोळा केल्या. प्रत्येकीला वाटीभर पीठ घ्यायला लावलं आणि ही सगळी वरात शेजारच्या धुरपतामावशींच्या खाटेपुढं नेऊन उभी केली. म्हटलं, "मावशी, उठायचं काम नाही. परडी पुढं करा. पाची घरं तुमच्याकडं आलीत."

मावशींनी बायकांकडं पाहिलं, वाट्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आणि हाताला लागलेली उशी फेकून मारली. उशी साधी नव्हती. ऑपरेशननंतर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मधे ठेवायची, डॉक्टरांनी सांगितलेली जाडजूड उशी. नेम चांगला होता.

"जोगवा म्हंजे मनीआर्डर हाय व्हय रं, उत्तरेश्वर? घरी आणून देतूस? म्या मेले का?"

बायका वाट्या झाकून निघून गेल्या. मी उशी उचलून परत दिली, कारण ती लागणार होती. मलाच, पुन्हा.

धुरपतामावशी आमच्या गावात, म्हणजे भूमपासून तासाभराच्या वाटेवर, चाळीस वर्षं परडी घेऊन फिरतात. परडी म्हणजे तुळजापूरच्या देवीची वेताची टोपली. सासूनं त्यांच्या हातात दिली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच दारांपुढं उभं राहायचं, "आई राजा उदे उदे" म्हणायचं आणि मूठभर पीठ मागायचं. घरात ज्वारीची पोती थप्पीला लावलेली आहेत, मुलगा एसटीत ड्रायव्हर आहे, सून दीपमाला अंगणवाडीत आहे. गरज म्हणून कुणी मागत नाही. मी एकदा विचारलं होतं, "मावशी, मग कशाला?" तर म्हणाल्या, "हात पसरायची सवय असावी. ताठ मानूस लवकर मोडतंय."

लॉकडाऊनमध्ये चौकात पोलिसानं अडवलं, तर त्याच्यापुढंच परडी धरली. तो बिचारा म्हणाला, "आजी, माझ्याकडं पीठ कुठलं?" "मग बिस्कुट घाल." त्यानं घातलं. ते पहिलं घर धरलं गेलं.

अशा बाईला आखाडात एका शेळीनं पाडलं. शेळी उघडीप बघून वाळत घातलेल्या शेंगा खात होती, मावशी धावल्या, ओट्यावर शेवाळ होतं. डावा खुबा मोडला. बार्शीला नेऊन नवा बसवला. घरी आल्या त्या नियमांचा गठ्ठा घेऊनच. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर नाहीच, वाकून काही उचलायचं नाही. मावशी म्हणाल्या, "जिमिनीवर बसायचं न्हाय तर मग म्या घरची का पाव्हणी?"

त्याच दिवशी त्यांनी घराला सांगून टाकलं. नवरात्राचे घट बसायच्या आत स्वतःच्या पायानं पाच घरं झाली, तर परडी त्यांची. नाही झाली, तर दीपमालाची. तोवर परडी खुंटीवर.

दीपमाला म्हणाली, "आत्याबाई, तोवर मी मागते की."

"एका परडीला दोन धनिनी नस्त्यात."

दिवसाआड भूमहून स्कूटीवर शिवकांता यायची. ती फिजिओथेरपिस्ट. मावशींच्या भाषेत 'व्यायामवाली पोरगी'. झोपल्या झोपल्या टाच सरकवत पाय जवळ घ्यायचा, मांडी आवळून धरायची, खिडकीचा गज धरून पाय बाजूला न्यायचा. सगळं दहा-दहा वेळा. मावशी मोजायच्या, "एक, दोन, पाच, धा. झालं." शिवकांता म्हणायची, "आजी, मधले कुठं गेले?" "दुखत हुते म्हनून सोडून दिले."

मग एक दिवस तिला खुंटीवरची परडी दिसली. दीपमालानं सगळी हकीकत सांगितली. तेव्हापासून पोरीनं 'व्यायाम' हा शब्दच बंद केला. वॉकर धरून दारापर्यंत गेलं की पहिलं घर. तुळशीपर्यंत दुसरं. गोठ्यापर्यंत तिसरं. मावशी आता एक आकडा गाळत नव्हत्या. चौथं घर फाटकापर्यंत झालं, आणि पाचव्याला रस्त्यावर पाऊल टाकायचं, त्याच मंगळवारी मी बायकांची वरात घेऊन हजर झालो.

शिवकांतानं मला अंगणात गाठलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"काका, मी त्यांना महिनाभर ह्या एका गोष्टीवर चालवतेय. तुम्ही ती गोष्टच उचलून खाटेवर आणून ठेवलीत. आता त्या उठतील कशाला?"

आणि मावशी उठल्याच नाहीत. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शिवकांता आली की भिंतीकडं तोंड. शुक्रवारी दीपमालाला हाक मारली, "परडी काढ खुंटीवरची. तुझी हाय. गावानं ठरवलंय म्या बसून ऱ्हायची, तर बसते."

मी दारात उभा होतो. आयुष्यात कितीतरी तारा पोचवल्या, वाईट बातम्यांच्याही. पण त्या लिहिलेल्या दुसऱ्यांनी असायच्या. ही माझ्या हातची होती.

दीपमाला भाकरी थापत होती. वळलीसुद्धा नाही. "आत्याबाई, घट बसायला अजून अठरा दिस हायत. तुमचा शब्द घटापर्यंतचा. आधी मोडायचा असंल तर देवीला तुमीच सांगा. मी निरोप न्यायची न्हाय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग खाट करकरली.

"ती घोडी आण हिकडं," मावशी म्हणाल्या. घोडी म्हणजे वॉकर.

आठवडाभरात वॉकर सुटून काठी आली, आणि नवाच पेच पडला. शिवकांता म्हणाली, खुबा डावा, म्हणून काठी उजव्या हातात. मावशी म्हणाल्या, देवीची परडी उजव्याच हातात. डाव्या हातात परडी धरणारी बाई या गल्लीत अजून जन्मली नाही. शिवकांता म्हणाली, डाव्या हातात काठी धराल तर पडाल. दोघींचंही खरं.

शिवकांताची नजर फिरत फिरत आमच्या ओसरीवर गेली. खुंटीवर माझी पोस्टाची पिशवी. "काका, तिचा पट्टा निघतो का?"

रिटायर होताना मी ती पिशवी साहेबांच्या हातापाया पडून मागून घेतली होती. रोज पुसत होतो. पण निघाला पट्टा. दीपमालानं तो परडीच्या दोन्ही कडांना शिवला. आता परडी गळ्यातून छातीपुढं, काठी उजव्या हातात. मावशींनी खाली पाहिलं. कवड्यांच्या माळेवर खाकी पट्टा. "देवी सरकारी नोकरीला लागली," म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

घट बसायच्या आधीचा मंगळवार. सकाळी ऊन वर यायच्या आत मावशी निघाल्या. मागं दोन पावलांवर शिवकांता, हात पुढं धरलेला, पण न लावता. प्रत्येक दारात लोकांनी उंच खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मावशी एकीवरही बसल्या नाहीत. समोरचं घर झालं, किराणावाल्या गौरीशंकरचं झालं, तिसरं झालं. चौथ्या घरापुढं गटाराचं झाकण हलत होतं. तिथं थांबल्या, काठीनं चाचपलं, वळसा घातला.

पाचवं घर माझं. दाराला तीन पायऱ्या. मी वर ताट घेऊन उभा. मावशी खाली थांबल्या, दम घेत. कपाळावर घाम, डाव्या पायात बारीक थरथर. मला राहवेना. मी ताट घेऊन खाली यायला एक पाऊल टाकलं. शिवकांतानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. पाऊल परत वर घेतलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढं अवघड काम कधी पडलं नव्हतं.

चांगला पाय वर. मग दुखरा आणि काठी. एक पायरी. दुसरी. दीपमाला आपल्या फाटकात पदर तोंडाला लावून उभी. तिसरी.

"आई राजा उदे उदे."

मी चांगलं दोन वाक्यांचं भाषण तयार केलं होतं; ते कुठं गेलं कळलं नाही. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मावशी, खरं सांगा, तुम्हाला इथवर चालवलं कुणी? देवीनं, शिवकांतानं, का माझ्या पट्ट्यानं?"

"चालले म्या. तू पीठ वाढ."