गठाणींची जाळी

जालन्याच्या एका जिनिंगमधला मुकादम रामकिसन दिवसभर हमालांवर ओरडायचा आणि दिवस कलला की एकटाच टेनिस खेळायचा. निझामी अमलात, कापसाच्या गावात, मुकादमाने टेनिस! लोक पोट धरधरून हसायचे. हसोत बापडे. त्यांनी सिकंदराबाद कुठं पाहिलं होतं?

रामकिसनने पाहिलं होतं. कापसाच्या वॅगनींसोबत तो तिकडे गेला, तेव्हा एका मैदानावर पैसे घेऊन खेळणारे दोन गोरे आले होते. कुंपणाबाहेर मातीत बसून, फटीतून तो बघत राहिला. त्या फटीतून एकच खेळाडू दिसायचा आणि मधली जाळी. तो गोरा हात असा फिरवायचा, की चेंडूला मारतोय की पाळण्याला झोका देतोय, तेच कळू नये. रामकिसनची गाडी चुकली. परतल्यावर भाकरी मोडतानाही त्याला तोच हात दिसायचा.

विलायतेला परत निघालेल्या जिनिंगच्या गोऱ्या इंजिनियरने टाकून दिलेली रॅकेट आणि चेंडू त्याने मागून घेतले. राहिली जाळी. आता मुकादमाचा जन्म गठाणी, म्हणजे कापसाच्या दाबून बांधलेल्या गासड्या, मोजण्यात गेलेला; दाराची उंची सांगायची तरी तो गठाणीतच सांगे. जमिनीवर बसून पाहिलेली जाळीही त्याने मनात तशीच मोजली होती, उभी एक गठाण. हंगाम सरला की उरल्यासुरल्या गठाणी तो हमालांकडून अंगणात ओळीने उभ्या करून घेई. त्या त्याच्या छातीला लागत.

अशी आठ वर्षं गेली. तो गोऱ्यासारखा वाकायचा, हात फिरवायचा आणि चेंडू गठाणींवरून अलगद पलीकडे जायचा. पलीकडे मात्र कुणी नव्हतं. वळसा घालून त्यानेच चेंडू आणायचा. हेच एक दुखणं होतं त्याचं, की गेलेला चेंडू कुणीतरी परत धाडावा.

एकदा मालकांच्या कामाला आलेले काकासाहेब वकील त्याचा खेळ पाहून थबकले.

“हात बिलकुल साफ आहे तुझा,” ते म्हणाले. “रविवारी क्लबात ये. जमलं तर दर रविवारी खेळू.”

रामकिसनला चार दिवस अन्न गोड लागेना.

रविवारी मैदानावर पाऊल टाकलं, तर जाळी जेमतेम कमरेपाशी! “साहेब, जाळी खाली आली वाटतं. ताणून घेऊ का?” त्याने विचारलं. खुर्च्यांवरचे अंमलदार खो खो हसले. खेळ सुरू झाला. हात तोच, झोका तोच. पण प्रत्येक चेंडू उंच जायचा, तरंगायचा आणि रेघेच्या पार पलीकडे पडायचा. काकासाहेब माणूस वाईट नव्हता. “जाळी एवढीच असते रे,” ते हळूच म्हणाले. पुढच्या रविवारी बोलावणं आलं नाही.

त्याने गठाणी आडव्या करून दोन-दोन रचल्या. आता उंची बराबर होती, पण हात ऐकेना. चौथ्या दिवशी त्याने त्या पुन्हा उभ्या करवल्या आणि चेंडू हातात धरून नुसता बसून राहिला.

चहा घेऊन आलेली त्याची बायको झुंबरबाई म्हणाली, “अवो, खेळून का न्हाई राह्यले?”

“चुकीचं शिकलो गं. जाळी इतकी उंच न्हाई राहत.”

“आपली तर हाय ना तेवढी उंच?”

“हाय. पण पल्याड कोण हाय?”

झुंबरबाईने चहा खाली ठेवला. पदर खोचला आणि वळसा घालून पलीकडे जाऊन उभी राहिली. गठाणींवरून तिचं कपाळ तेवढं दिसत होतं.

“मारा,” ती म्हणाली. “पण जरा हळू.”

रामकिसनने हात फिरवला. चेंडू वर चढला, उन्हात क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि पलीकडे उतरला. धावपळ ऐकू आली. मग बांगड्या वाजल्या आणि तिने हाताने फेकलेला चेंडू गठाणींवरून परत आला. तो काही रामकिसनला मारता आला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.