खेळनं खंडित होत नसते

खंडित कायले म्हनतं बे? मूर्ती खंडित होते. देवाच्या फोटोची काच फुटली त तोही खंडित म्हन, मी काई बोलनार नाई. पन प्लास्टिकचा टेंपो खंडित? एवढं मोठं कृषी केंद्र चालोते प्रकाश, दिवसभर लोकाइले शानपन सांगते, आन सोताच्या पोरीले घरात कोंडून ठुते. कायच्यावरून, त तिनं देवापुढं मोडकी खेळनी मांडली म्हनून. तो इथं चहाले असता त तोंडावरच म्हनलं असतं. तो नाई, म्हनून तुमाले सांगून राह्यलो. आन श्रीरामभाऊ, तू त्या पोरीचा, रेणूचा मामा होय. तू जरा कान देऊन ऐक.

मी जळालेल्या मोटरीत नवी तार भरतो, बोअरच्या, हिरीच्या, हे तुमाले ठाऊक हाय. सहा दिवस दुकानात तांब्याची तार आन वार्निशचा वास, आन रविवारी पोरं. तुटकी खेळनी आनतात, खोलतात, कापतात, जोडतात, आन त्याचं भलतंच काईतरी करतात. असा कारभार चालू म्हनल्यावर किस्से साचनारच. एक पोतं उचलाव त खाली दुसरं निंघते.

सुरुवात माह्या साळीपासून झाली. मेहकरले राह्यते, नवरा क्लार्क हाय. तिनं एक पोतं देल्लं. म्हने, "भाऊजी, गावातल्या गरीब पोराइले वाटून द्या, पुन्य लागन." गाडीवर बांधून जानेफळले आनलं, दुकानापुढं सोडलं, त एकबी खेळनं धड नाई. बाहुलीले हात नाई, जीपले चाक नाई, घोडा त नुसता मागूनच घोडा.

माह्यं डोस्कं फिरलं. तिथूनच फोन लावला, म्हनलं, तुह्या घरचा कचरा टाकाले आमचंच गाव सापडलं काय? आन पोतं रस्त्यावर ओतून देल्लं. आत जाऊन मोटर भराले बसलो.

जरा वेळानं बाहीर आलो त पोरं जमलेली. वाटलं, खेळत असतीन. खेळत कोनीच नोतं. जो तो खोलून राह्यला होता. प्रकाशची रेणू, सहावीत हाय, तिनं एक कोंबडा कानाले लावला, हालवून पाह्यला, आन मले म्हने, "काका, याच्या आत काईतरी हाय. पेचकस द्या."

मी शिवी देनार होतो. पेचकस देल्ला. मलेबी पाहाचं होतं ना, आत काय हाय त!

मंग मी नियम केला. फक्त तुटेल खेळनं आनाचं. चांगलं आनलं त घरी हाकलून देईन.

पुढच्या रविवारी काय झालं, पोराइनं घरची चांगली खेळनी फोडून आनली. मांगून त्याइच्या माया. एक बाई हातात नवीकोरी रेल्वे घेऊन आली, दोन तुकडे झालेली. मले म्हने, तुमीच सांगतलं म्हने फोडाले. मी तिच्या पोराचा कान धरला. म्हनलं, "काऊन फोडली बे?"

तो म्हने, "एवढे डबे एका लाइनीत कसे चालतात ते पाहाचं होतं."

"मंग? काय दिसलं?"

"चालते एकच डबा, काका. बाकीचे नुसते त्याच्या मांग मांग जातात."

त्याची माय हासाले लागली. म्हने, "आमच्या घरासारखंच हाय मंग." आन रेल्वे तिथंच ठेवून गेली.

बाहुल्याइची मुंडकी लय साचली होती. त्याचं काय कराव? पोराइनं बुजगावनं केलं. बांबूले जुना सदरा, आन वर मुंडकंच मुंडकं, हवा आली का सगळ्याइचे डोळे उघडझाप करत. एक रडनारी बाहुली होती, तिचा आवाजाचा डबा बी पोटात बसवला. हाललं का रडे. वसंताचं वावर नाल्याकाठी हाय, तिथं नीलगाई लय येतात, म्हनून त्याच्या सोयाबीनमदी नेऊन गाडलं. मी सोता गेल्तो गाडाले.

काई दिवसानं वसंता आला, तोंड उतरेल. इचारलं, काय झालं, नीलगाय येनं बंद झालं का नाई?

"नीलगाय रोज येते," वसंता म्हने. "त्याच्याच बुडाशी बसते. गवत निंदाले बाया येनं बंद झालं."

उपटून आनलं मंग. पन मले आजपोतर समजलं नाई, मानूस ज्याले भेते त्याले जनावर काऊन भेत नाई.

रेणूचं डोस्कं निराळंच हाय. एका खेळन्यातल्या गाईचा हंबरनारा डबा तिनं काढला आन इमानात बसवला. पिवळं इमान, एक पंख गेलेलं, त्या जागी तिनं पंख्याचं पातं लावलं. वर उचललं का हंबरते. म्हनलं, पोरी, इमान कधी हंबरते काय?

ती म्हने, "काका, वरून इमान जाते तवा कामातला मानूस मान वर करते काय? हंबरलं का सगळे पाहतीन. कोनाची गाय सुटली म्हनून."

तवा प्रकाश दुकानात उभा होता. तो काई वाईट मानूस नाई, मी तसं म्हनतच नाई. तो एवढा हासला का त्याच्या डोळ्यात पानी आलं. पोरीचा आन इमानाचा फोटो काढला, आपल्या मोबाईलवर स्टेटस ठुलं. युरिया घ्याले येनाऱ्या मानसाले आधी ते दाखवे, मंग युरिया.

एकदा पोरं माह्यापासून काईतरी झाकून ठुत. मी आलो का वरून बारदाना. मले झाकाझाकीचा लय राग येते. वढला बारदाना. आत एक लाल ट्रक, बोनेट तोंडासारखं उघडं, त्याच्यावर बुटाच्या ब्रशाच्या मिशा, आन कपाळाले तांब्याची तार गुंडाळेल.

म्हनलं, "हे कोन होय?"

सगळे भिंतीकडं पाहून राह्यले. मी आनखी आवाज चढोला. तवा सगळ्यात लहान पोट्टं म्हने, "काका, याले सेल नाई लागत. 'हे कोन होय' म्हनलं का आपोआप चालू होते."

माह्या बायकोनं तो ट्रक घरी नेला. टीव्हीवर ठुला हाय.

आता महालक्ष्म्याइचं ऐका. आपल्या इकडं महालक्ष्म्या बसल्या का पुढं खेळनी मांडतात, आरास करतात, हे काई नवीन नाई. प्रकाशनं मेहकरहून लायटीचं कारंजं आनलं होतं, रंग बदलनारं. रेणूनं आन तिच्या मैत्रिनीइनं एका बाजूनं गाव मांडलं. सगळं माह्या दुकानातल्या तुटक्याइचं. जीपचा टप कापून यष्टी स्टँडचं छत, लंगडा हत्ती बाजारात केळं मागून राह्यला, बाहुलीच्या सुट्या हाताचा हापसा, आन एक आटो, त्याले टप म्हनून फनी लावलेली.

संध्याकाळी बाया हळदीकुकाले आल्या. कारंज्याकडं कोनी पाह्यलं नाई. सगळ्या त्या गावापुढं उकिडव्या बसल्या. ही त आमच्या गोलूची जीप. हा हत्ती त मीच फेकला होता, याच्या पायात काय लावलं वो? दारात लाइन तुंबली. मांगच्या बाया वरडून राह्यल्या, पुढच्या उठून नाई राह्यल्या.

तेवढ्यात प्रकाशचा चुलता आला. पाह्यलं आन म्हने, "खंडित वस्तू महालक्ष्मीपुढं? घर बसन तुहं."

झालं. प्रकाश दुकानातून थकून आलेला, घरात बायाइची गर्दी, आन मोठा मानूस सगळ्याइपुढं असं बोलला. त्यानं खताची रिकामी थैली घेतली, अख्खं गाव तिच्यात भरलं आन मांगच्या उकिरड्यावर फेकून आला. रेणू रडली नाई. तिनं फक्त इचारलं, "बाबा, कुठून तुटलं का खंडित होते? चाक गेलं का, का मुंडकं गेलं का?"

प्रकाश म्हने, "उद्यापासून त्या दुकानात पाय ठुवाचा नाई."

मले रातीच समजलं. म्हनलं, सकाळी थैली उचलतो आन त्याच्या दारात नेऊन ओततो. सकाळी गेलो. थैली उकिरड्यावर होती. घडी केलेली. वर गोटा ठुलेला. आत काईच नाई.

दुपारी महालक्ष्मीचं जेवन. गल्लीत पयल्या घरी गेलो, पाया पडलो, डोळे उघडले त लाडू-करंज्याइच्या मदात लंगडा हत्ती. दुसऱ्या घरी यष्टी स्टँड. तिसऱ्या घरी हापसा, त्याच्याखाली तांब्या ठुलेला. जिथं जिथं महालक्ष्म्या, तिथं तिथं एक. जेवाले बसलो तिथं घरच्या बाईले मी सरळ इचारलं, हे कुठून आलं वो?

ती म्हने, "आंबील वाढू का आनखी?"

प्रकाश माह्याच पंगतीत होता. त्यानं मान वर नाई केली.

संध्याकाळी त्याच्या घरी आरती. मी दाराशी उभा होतो. प्रकाशनं तबक उचललं आन थांबला. दोघी महालक्ष्म्याइच्या मदात, पदराले लागून, तो फनीच्या टपाचा आटो. श्रीरामभाऊ, त्यानं तुह्या बहिनीकडं पाह्यलं. म्हने, "हे कोनं ठुलं?"

तुही बहीन म्हने, "कापूर जळून राह्यला. आरती म्हना."

त्यानं म्हनली. पुरी म्हनली. आटो बोळवनीपोतर तिथंच होता, त्यानं हात लावला नाई. आन तरी पोरगी घरातच हाय. रविवार येते, पोरं येतात, आन तिच्या जागेवर कोनी बसत नाई.

श्रीरामभाऊ, कप ठेव खाली. उठ. जाय आन तुह्या भाचीले घेऊन ये.