डोरिका उठते, असं मॅडम म्हणत होत्या

कॅसेटच्या पाठीवर चिकटपट्टी दिसली आणि मी ती नखाने उकरून बघितली.

व्हीएचएस कॅसेटच्या पाठीला कोपऱ्यात प्लास्टिकचा एक छोटा टॅब असतो. तो तोडला की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. पण तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावली की मशीन फसतं आणि रेकॉर्डिंग करतं. म्हणजे चिकटपट्टी दिसली की समजायचं, आत जे होतं त्यावर कुणीतरी दुसरं काही चढवलंय.

"काऊन रे बाबू, गप काऊन झाला?" समोर बसलेल्या शहारे मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम. बुरशी आहे थोडी. साफ करतो."

बुरशी होतीच. पण चिकटपट्टीचं मी बोललो नाही. वाईट बातमी सांगायची वेळ आली की माझी जीभ जड होते.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. नववीत शाळा सोडली आणि लग्नाच्या शूटिंगवाल्या टीमबरोबर फिरत फिरत गोंदियाला आलो. टीम परत गेली, मी राहिलो. इथल्या व्हिडिओ दुकानाच्या सेठनी ठेवून घेतलं, मशीनवर बसवलं, शिकवलं. मराठी शाळेत जे जमलं नाही ते त्यांच्या हिंदीत जमलं. आमच्याकडे लोक जुन्या लग्नाच्या कॅसेट घेऊन येतात आणि आम्ही त्या पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. सिनेमाची कॅसेट आणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

शहारे मॅडम रिटायर्ड नर्स, सालेकशाच्या. बाविसाव्या वर्षी पहिली पोस्टिंग जंगलातल्या उपकेंद्रात झाली, तेव्हा गावात भाड्याचा व्हिडिओ आला होता. त्यात हा सिनेमा होता. युरोपातल्या कुठल्यातरी छोट्या देशातला. भाषा कोणालाच कळली नाही. पण त्यातली डोरिका सालेन नावाची नटी मॅडमच्या डोक्यात बसली ती बसलीच. पुढे व्हिडिओवाल्याने धंदा बंद केला तेव्हा त्यांनी ती कॅसेट मागून घेतली.

"अकरा सिनेमे केले तिनं," मॅडम म्हणाल्या. "अकराही सिनेमात तिले मारून टाकतेत. पण ह्या एकात ते उठते."

भांडण इथेच होतं. डोरिकाचे चाहते जगात मोजकेच, आणि त्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. मॅडम मोबाइलमधल्या भाषांतरावर त्यांच्याशी बोलतात. त्या सगळ्यांचं म्हणणं एकच: सिनेमा तिला गोळी लागते तिथेच संपतो, तुमची आठवण चुकतेय. नेटवर जी प्रिंट आहे ती तिथेच संपते.

"मी छत्तीस वर्षं लोकाइच्या नाड्या पाहिल्या," मॅडम म्हणाल्या. "मेलेलं कोण अन् जितं कोण, मले नाही समजन का? छाती हलून राहिली होती तिची."

मी कॅसेट उघडली. रिळं बाहेर काढली, बुरशी हाताने पुसली, चांगल्या खोक्यात रिळं बसवली. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मॅडमना समोर बसवून टेप लावली. टेप जितक्या वेळाची तितकाच वेळ ती उतरवायला लागतो, घाई चालत नाही. चित्र थरथरत होतं, पण दिसत होतं. डोरिका दिसली की मॅडम खुर्चीत पुढे सरकायच्या. बाई दिसायला काही खास नव्हती. पण कॅमेऱ्याकडे अशी बघायची, की आपणच तिचं काहीतरी घेऊन परत केलेलं नाही असं वाटावं.

शेवटी पूल आला. समोर बंदूकवाला. डोरिका थांबली. आणि चित्र फाटलं.

मंडप. पंगत. भाताची बादली घेतलेली एक म्हातारी बाई.

"हे तर आमची माय!" मॅडम ओरडल्या. "हे सुधीरच्या लग्नातलं जेवन होय!"

सुधीर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. शूटिंगवाल्याला लग्नाच्या पंगतीची एक कॉपी करून द्यायला कोरी कॅसेट मिळाली नसणार. सुधीरभाऊंनी घरातली ही दिली. मॅडमना सवय होती: गोळी लागते तिथून शेवटपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं बघायची आणि परत गोळीपर्यंतच मागे घ्यायचं. टेप कायम तिथेच उभी असायची. लग्न नेमकं तिथून चढलं, आणि त्यानंतर घरचा व्हिडिओ बिघडला तो बिघडलाच, म्हणून मॅडमना कधी कळलं नाही.

मॅडम आईकडे बघत राहिल्या. म्हातारी "घ्या जी, घ्या" करत वाढत होती. मग पंगत संपली आणि स्क्रीन निळा झाला. दुकानाचा नियम होता: मिनिटभर निळं दिसलं की टेप संपली समजायची. मी मिनिट मोजलं आणि बटण दाबलं.

"गेलं मॅडम. पुढे काही नाही."

मॅडम उठल्या. "माय भेटली," म्हणाल्या. "तेही काही कमी नाही." पेन ड्राइव्ह आणि कॅसेट घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता ग्रुपवर लिहून टाकतो, की माह्यीच चूक होती."

ते वाक्य मला टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचे फोटो बघत होतो. कॅसेट परत देताना आम्ही तिचा फोटो काढून ठेवतो, नंतर वाद नको म्हणून. त्या फोटोत कॅसेटच्या खिडकीतून दोन्ही रिळं दिसत होती. चाललेली टेप जमा होते ते उजवं, जाडजूड. आणि डावं रिकामं नव्हतं. त्यावर बोटाच्या पेराएवढी टेप होती.

टेप संपलीच नव्हती. मी थांबवली होती.

मॅडमचा फोन लागेना. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, चुकीचं सांगितलं म्हणून सेठ काढून टाकतील, ही भीती. तरी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"पार्टी गई, काम खतम. अब क्या?" सेठ म्हणाले.

"सेठ, मी पूर्ण टेप चालवलीच नाही."

त्यांनी फोटो बघितला. "नियम तो मैंने ही बनाया था," ते म्हणाले. "साडेदस की गाडी है सालेकसा की. भाग."

सालेकशाला मॅडमचं घर सापडायला वेळ लागला नाही, कारण ते लांबून चमकत होतं. अंगणातल्या पेरूच्या झाडावर काळी टेप गुंडाळलेली. इकडे पेरूला जाम म्हणतात, आणि पोपटांना घाबरवायला झाडांवर, शेतांवर जुनी टेप बांधतात. वाऱ्यावर ती फडफडते, चमकते. मला हे माहीत होतं. डोक्यात कसं आलं नाही?

"मॅडम! ही तीच?"

"हो ना. काई नाही म्हणला ना तू त्याच्यात! कायले ठेवू?"

मी झाडाखाली गेलो. "कॅसेटमधलं कुठलं रीळ काढलं?"

"जाडं. कापलं अन् ओढलं. बारक्यात काय होतं?"

"बारकं कुठंय?"

खोकं न्हाणीजवळच्या कोनाड्यात होतं, साबणाच्या वडीशेजारी. आत डावं रीळ शाबूत. झाडावर होता तो सिनेमा आणि लग्न, ते पेन ड्राइव्हवर आलेलंच होतं. न बघितलेलं तेवढं वाचलं होतं.

मी खरं सांगितलं. चूक माझी, मी आधीच थांबवलं. आत काही असेलच याची खात्री नाही.

मॅडमनी मला वर-खाली बघितलं. "एवढं सांगाले गोंदियाहून आला? बैस, जेव पहिले. मंग मी येतो संगं."

आणि ग्रुपवर? "नाही लिहिलं अजून. हातच उठे ना."

दुपारी दुकानात मी त्या टेपला दुसऱ्या टेपचा तुकडा जोडला आणि मशीनला लावली. निळं. एक मिनिट निळं. तीन मिनिटं. सेठही मागे येऊन उभे राहिले. सहा मिनिटं. मी बटणापासून हात लांब ठेवून, मांडीखाली दाबून बसलो होतो.

मग चित्र उडी मारून आलं. पूल. रस्त्यावर डोरिका पडलेली. तिची छाती हलत होती. तिने एक हात टेकला, मग दुसरा. उठली. निसटलेला बूट हातात घेतला आणि एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशी पुलावरून चालत गेली. एकोणीस सेकंद.

झालं असं असणार: लग्नाची कॉपी संपली तरी शूटिंगवाल्याचं मशीन कोरंच रेकॉर्ड करत राहिलं, आणि मध्येच लाइट गेली. आणखी अर्धा मिनिट वीज राहिली असती तर डोरिका कायमची मेली असती.

मॅडम टाळ्या वगैरे वाजवत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "परत लाव." सात वेळा लावलं.

ते एकोणीस सेकंद ग्रुपवर गेले. पहिलं उत्तर आलं ते मोबाइलने मराठी करून दाखवलं: "आम्ही माफी मागतो, सिस्टर." मॅडम म्हणाल्या, "माफी राहू द्या. पुढच्या वेळेस नर्सले इच्यारत जा."

दुकानाचा नियम बदलला. आता निळा स्क्रीन बघून कोणी थांबत नाही, डावं रीळ रिकामं झालेलं डोळ्यांनी बघायचं. सेठनी ते माझ्याकडूनच लिहून घेतलं आणि मशीनवर चिकटवलं.

झाडावरचा सिनेमा अजून तसाच आहे. मागच्या आठवड्यात मॅडमनी पिशवीभर जाम पाठवले. निम्म्यांना पोपटांनी चोच मारलेली होती.