मामंजींच्या हातावरचं रक्त

मंडळी, सावंगीच्या दवाखान्यातून लिहिते आहे.

सकाळी वांगी तोडताना मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातून टोपली पडली. जीभ जड झाली. थोड्या वेळानं सगळं ठीक झालं. "पित्त झालं असन," म्हणाले. मी कामावर गेले.

मागाहून तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. शेजारच्यांनी गावभर कबुतर शोधलं, कापलं आणि गरम रक्त हाताला चोळलं. मला कोणी फोनही केला नाही. संध्याकाळी घरी आले तर शेजारच्या काकू म्हणतात, "लकव्याले हेच लागते. दवाखान्यात उद्या नेजो."

मी तशीच गाडी करून त्यांना इथं आणलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा रक्तपुरवठा अडला आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, ती वेळ गेली. सकाळचा झटका इशारा होता.

बीपीची गोळी तर त्यांनी कधीचीच सोडली होती. "चक्कर येत नाई, तं गोळी काऊन खाऊ?" तुमच्याही घरी असं कोणी म्हणतं का?

आत्ता सिस्टर त्यांच्या हातावरचं वाळलेलं रक्त पुसते आहे. "ताई, जखम कुठं आहे?" तिनं दोनदा विचारलं.

काय सांगू तिला?