बिनडाग लिली

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"काय म्हणजे? साफसफाई केली. साहेब येणार पांढऱ्या शर्टात, आणि तुझी फुलं त्यांना पिवळं करून परत पाठवणार. म्हणून उठल्याउठल्या सगळ्यांचे पराग काढून टाकले. वर झाडूनसुद्धा घेतलं."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे. तू म्हणाली होतीस, कोपऱ्यातल्या त्या कुंडीला हात लावायचा नाही. नाही लावला. तिच्या वाऱ्यालासुद्धा उभा राहिलो नाही."

तांबडबोटी मटकन पायरीवर बसली. समोर गच्चीवर तिच्या लिलीच्या कुंड्या ओळीनं उभ्या होत्या, आणि झाडून सगळी फुलं दात काढलेल्या म्हाताऱ्यांसारखी बोळकं वासून बघत होती. जन्मतःच बिनदाताची अशी त्यांत एकच होती, कोपऱ्यातली. आता या बोळक्यांच्या मेळ्यात तिला ओळखायचं कुणी आणि कसं? नवरा सुपलीतली नारिंगी भुकटी मोठ्या अभिमानानं दाखवत उभा होता.

"बघ, केवढी निघाली!"

"ती डोक्याला लावा आता," ती म्हणाली.

तिची बोटं कायम नारिंगी, म्हणून गल्लीत तिला तांबडबोटी म्हणत. खरं नाव बहुधा रेशनकार्डालाच ठाऊक असेल. कामाला ती फुलांच्या दुकानात. लिली दुकानात कळीवर येते, उमलायला लागली की तिच्या पोटातल्या सहा दांड्यांवर परागाच्या पुड्या असतात. त्या फुटायच्या आत चिमटीनं काढून टाकायच्या, नाहीतर ती भुकटी जिथं पडेल तिथं मुक्कामाला राहते. सकाळी पहिलं काम तेच, बादलीमागून बादली. बोटांचा रंग साबणानं जात नाही, म्हणून मग तो घालवायचा नादच तिनं सोडला होता.

आणि एकदा घाईत एका फुलातल्या पुड्या राहून गेल्या. गुच्छ होता नवरीच्या हातातला. नवरीनं तो छातीशी धरला आणि पांढऱ्याशुभ्र झग्यावर हाताएवढा नारिंगी पट्टा उठला. नवरी रडायला लागली, तिची आई ओरडायला लागली. तांबडबोटी तो झगा काखोटीला मारून धावली ती थेट कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे.

"पाण्यात बुडवला का?" त्यानं आधी तेच विचारलं.

"नाही."

"घासला?"

"नाही हो!"

"मग वाचलात. पाणी लागलं असतं तर हा डाग नवरीबरोबर सासरी गेला असता."

त्यानं चिकटपट्टी घेतली आणि कणाकणानं सगळा पराग उचलून काढला. झगा कोरा करकरीत. त्याला ती बाई आवडली आणि तिला त्याचा हात आवडला. बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात ती अशी. लग्नात तिच्या हातात लिली नव्हती, एवढी खबरदारी मात्र दोघांनी घेतली.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच किडा. परागच नसलेली लिली का असू नये? डागच नको, काढायची कटकट नको.

"माझ्या पोटावर पाय देतेस तू," नवरा म्हणायचा. "तुझे डाग नसतील तर माझ्याकडे येणार कोण?"

"लोक जेवायचे थांबणार नाहीत. सांडत राहतील," ती म्हणायची.

दुकानातून कुणी न घेतलेल्या कुंड्या ती घरी आणायची. गच्चीवर त्यांचं लग्न लावायची. एका फुलाच्या पुड्या उमलायच्या आधीच काढायच्या, दुसऱ्याचा पराग मधल्या चिकट दांड्याच्या डोक्यावर टेकवायचा, आणि वर चांदीच्या कागदाची टोपी घालायची, म्हणजे माशी येऊन भलतंच सोयरपण जमवायला नको. पराग गरज पडेपर्यंत फ्रिजमध्ये, औषधाच्या डबीत, दुधाशेजारी. सासूबाईंनी एकदा ती डबी उघडून वास घेतला होता आणि अख्खा दिवस नाकाचा शेंडा पिवळा घेऊन शेजारपाजार हिंडून आल्या होत्या. कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, काहीतरी औषध लावलं असेल.

बोंड धरतं, वाळतं, फुटतं, आत कागदाच्या चकत्यांसारख्या बिया. त्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पेरायच्या. मग उगवतं ते गवताच्या काडीएवढं, आणि फूल दाखवायला वर्षं लावतं. सासूबाई म्हणत, "एवढ्यात दोन पोरं शाळेला लागली असती." पोरंही लागलीच. मोठी होऊन आपापल्या कामाला गेली. लिली मात्र येईना. कुठं पराग कमी, कुठं पांगळा, पण होताच. कुठं पराग नाही, पण फूलही असं मरतुकडं की बघवत नाही.

आणि मग कोपऱ्यातल्या कुंडीतली ती एक. बाहेरून तांब्याच्या भांड्याची झाक, आत साईसारखी पिवळट, घशात हिरवी. मान खाली घालत नाही, समोर बघते. वास येतो तोही बेतानं, डोकं न उठवता. आणि पोटात सहा दांडे नुसते, सुईसारखे. पहिल्या वर्षी तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. कुणी काढले माझ्या फुलाचे पराग? नवरा नाही म्हणाला, सासूबाई तर वर चढतच नव्हत्या. दुसऱ्या वर्षी फूल तसंच आलं, तेव्हा ती गच्चीवर एकटीच इतकी हसली की समोरच्या इमारतीतल्या माणसानं खिडकी लावून घेतली.

फुलं लावणाऱ्यांचा एक संघ होता. नवी जात मान्य करायची तर त्यांचा परीक्षक लागोपाठ तीन वर्षं येऊन फूल जागेवर बघणार. एक वर्ष चुकलं की मोजणी पहिल्यापासून. दोन वर्षं झाली होती. पहिले परीक्षक तिची गच्ची ओळखून होते, पण ते निवृत्त झाले. आज तिसरं वर्ष, आणि येणारा माणूस नवा.

तो आला. उंच, घामेजलेला, बोलायला मऊ. शर्ट खरंच पांढरा होता. इस्त्रीवाल्यानं बायकोकडे असं बघितलं की, बघ, मी म्हणत नव्हतो?

परीक्षक कुंडी कुंडी बघत कोपऱ्यापर्यंत गेले. खिशातलं भिंग काढून वाकले. पुष्कळ वेळ वाकलेच राहिले. मग शेजारच्या फुलात बघितलं, त्याच्या पलीकडच्या फुलात बघितलं.

"बाई, फूल सुंदर आहे. पण यांतल्या कुणालाच पराग नाहीत."

"बाकीच्यांचे काढलेत. हिला नाहीतच."

"कुणी काढले?"

"यांनी," तिनं बोट दाखवलं.

"मी!" नवरा पुढे झाला. "पण हिला नाही शिवलो. हिला नव्हतेच, साहेब. मी डोळ्यांनी पाहिलंय."

परीक्षक हसले. "तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे हो. पण नवऱ्याची साक्ष मी संघात कशी नेऊ? ओढून काढलं की टोक असंच सुईसारखं राहतं. भिंगातूनही छातीठोक सांगता येत नाही. आणि मला संध्याकाळची गाडी आहे."

तांबडबोटीनं बोटं मोजली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तीन वर्षं. तिचे गुडघे आताच जिना चढताना कुरकुरत होते. तिनं फुलाकडे बघितलं, मग फुलाच्या वरच्या कळीकडे. कळी एकच उरली होती, फुगलेली, रंगावर आलेली. उद्या सकाळी उमलायची.

"ही उघडून बघा," नवरा म्हणाला.

"हातानं उघडलेली चालणार नाही," परीक्षक म्हणाले. "हात लागला की पुन्हा तोच प्रश्न. ती आपली आपण उमलायला हवी. माझ्यासमोर."

तांबडबोटी उठली. "तुमच्या गाडीला वेळ आहे ना अजून?"

"दुपार आहे सगळी."

"मग खाली चला. अहो, कुंडी उचला. सांभाळून! आणि इस्त्र्या पेटवा, दोन्ही."

दुकानात एखादी मागणी घाईची आली की ती हेच करायची. उबेला ठेवली की लिली लवकर डोळे उघडते. फक्त ऊब बेतानं. जास्त झाली तर कळी मान टाकते आणि मग उमलायचं नावच घेत नाही. ते परीक्षकांनाही ठाऊक होतं. जिना उतरताना कुंडीच्या दुसऱ्या बाजूला त्यांनीच हात लावला.

घराखालचं इस्त्रीचं दुकान म्हणजे हातभर खोली. टेबल, दोन इस्त्र्या, भिंतीला कपड्यांची गाठोडी, आणि गल्ल्यावर सासूबाई. कुंडी टेबलाच्या टोकाशी मांडली. दार ओढून घेतलं. इस्त्रीवाल्यानं ओल्या चादरींवर इस्त्री फिरवायला सुरुवात केली आणि खोलीत वाफ दाटली.

"हे काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं.

"लिलीला शेक देतोय," इस्त्रीवाला म्हणाला.

"तिला बाळंतपण आलंय का?"

"असंच समज, आई."

"मग साहेब कोण? डॉक्टर?"

"बसतो मी इथंच," परीक्षक म्हणाले. त्यांनी कोट काढला. सासूबाईंनी चहा ओतून दिला.

तांबडबोटी कळीला उलटा हात लावून बघत होती, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. गरम वाटलं की कुंडी वीतभर मागे ओढायची. गार वाटलं की पुढे. नवऱ्याच्या चादरी संपल्या. पडदे संपले. गिऱ्हाइकांचे शर्ट झाले, पाटलोणी झाल्या. मग त्यानं परीक्षकांचा कोट घेतला, त्यांना न विचारता.

"अहो, तो ठीक होता," परीक्षक म्हणाले.

"ठीक नव्हता. कॉलर बघा."

कोट झाला. मग रुमाल झाला. मग त्यानं पुसायची फडकी घेतली आणि त्यांना अशी घडी घातली की परत टेबल पुसायची कुणाची छाती झाली नसती. एक बाई आपले कपडे न्यायला आली. दार उघडताच तांबडबोटी इतक्या जोरात "लावा ते!" म्हणाली की ती बाई आत आली आणि दार लावून आतच बसली. काय चाललंय ते तिला कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पण कळीकडे तीही बघायला लागली.

"आता इस्त्री करायला काही उरलं नाही," नवरा कुजबुजला. "माझा शर्ट काढू का?"

"काढा," बायको म्हणाली.

तो बनियनवर आला आणि शर्टावर इस्त्री फिरवू लागला. तेवढ्यात कळीच्या टोकाला फट पडली. कुणी हललं नाही. सासूबाईंनी बशी तोंडाशी धरली होती, ती तशीच राहिली. फट खाली सरकली, एका पाकळीचं टोक अडकून राहिलं, ताणलं गेलं, आणि 'टक्' करून सुटलं. त्यामागून दुसरी. मग फूल हळूहळू मागे वळत गेलं, जसं कुणी झोपेतून उठून आळस द्यावा.

"कुणी हात लावू नका," परीक्षक म्हणाले.

ते वाकले. भिंग धरलं. कोवळ्या फुलात पुड्या मिटलेल्या असतात, हिरवट, जाड, पण असतात. इथं नव्हत्या. सहा दांडे, सहाही टोकं नितळ. त्यांनी एकेक दांडा बघितला, मग पुन्हा पहिल्यापासून बघितले, आणि मग नुसते हसत उभे राहिले.

"काय साहेब?" सासूबाईंनी विचारलं. "मुलगा की मुलगी?"

"मुलगीच आहे, आजी. आणि डाग नाही कसलाच."

नवऱ्यानं हातातली इस्त्री उभी केली आणि बनियनवरच टाळ्या वाजवल्या. अनोळखी बाईनंही वाजवल्या. तांबडबोटीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं फुलाला हलकेच नाक लावलं, बाहेर काढलं, आणि नाकाला बोट लावून बघितलं. बोटावर काही आलं नव्हतं. जुना रंग होता तेवढाच.

"नाव काय लिहू?" परीक्षकांनी विचारलं. "जातीला नाव लागतं."

तिनं याचा विचारच केला नव्हता. ती नवऱ्याकडे बघायला लागली.

"बिनडाग," तो म्हणाला. "अजून काय?"

"हे काय साबणाचं नाव आहे का?" सासूबाई फणकारल्या.

"मग तुमचं नाव देऊ?" तांबडबोटी म्हणाली.

"माझं नको. उद्या दुकानात लोक म्हणतील, हिची दोन डझन कापून द्या."

हसता हसता परीक्षकांचा चहा नुकत्याच परत अंगात घातलेल्या कोटावर सांडला. इस्त्रीवाल्यानं तो अंगावरून उतरवून घेतला आणि टेबलावर पसरला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "धंदा चालू राहणार."

नाव शेवटी बिनडागच लागलं. गाडीची वेळ झाली तेव्हा परीक्षक वाफेनं लाल झालेले, आणि त्यांच्या कोटाची कॉलर कधी नव्हे इतकी ताठ होती. जाताना ते म्हणाले की पुढच्या हंगामात लिलीच्या कांद्याच्या पाकळ्या सुट्या करून रोपं वाढवायची, आणि हे तांबडबोटीला ठाऊक होतं, पण तिनं हो हो म्हणून ऐकून घेतलं, कारण आज कुणीही काहीही सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं असतं.

फुलांच्या दुकानातून निरोप आला होता. मालकीणबाई वाट बघत होत्या, संध्याकाळची गुलाबाची मोठी मागणी होती आणि काटे काढायला कुणी नव्हतं. तिनं कुंडी गच्चीवर सावलीत नेऊन ठेवायला नवऱ्याला सांगितलं, आणि त्यानं हात वर करून दाखवले, काही तोडणार नाही म्हणून. ती भराभर चालत गेली. मालकीणबाईंनी काय झालं विचारलं, तिनं सांगितलं, मालकीणबाई "अगं बाई!" म्हणाल्या आणि लगेच बादली पुढे सरकवली. तांबडबोटीनं पहिला गुलाब उचलला, देठावर खालून वर सुरी फिरवली, आणि काटे फरशीवर टपटपत पडायला लागले.